पंच्याऐंशी कॅलरीची बाटली

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये एक पद्धत आहे. परीक्षेच्या आधी चार रात्री जागरण झालं, मेसचं जेवण दोनदा चुकलं, चक्कर आली, की रूम पार्टनर म्हणतो, "चल लेका, एक सलाईन लावून येऊ. ताकद येईल." मीही दुसऱ्या वर्षाला असताना एकदा लावून आलो होतो. तासभर पंख्याखाली झोपायला मिळालं, बरं वाटलं, आणि सलाईनने ताकद येते यावर माझा पक्का विश्वास बसला.

हा विश्वास गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तुटला. तो कसा तुटला आणि त्या निमित्ताने मी काय शिकलो, ते या लेखात सांगणार आहे. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, डॉक्टर नाही. पण यातला बराचसा भाग आपल्या अभ्यासक्रमासारखाच आहे. म्हणजे प्रवाह, दाब, संहती आणि बेरीज-वजाबाकी.

मामाची गोष्ट

माझे मामा नांदुरा तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतात. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. बिडीची सवय जुनी. कंबर दुखते म्हणून दुकानातून दुखीच्या गोळ्या आणून खाण्याची सवय त्याहून जुनी. पोटात जळजळ व्हायची, तर खाण्याचा सोडा पाण्यात घालून प्यायचे. दिवाळीनंतर त्यांना उलट्या सुरू झाल्या. सकाळचं खाल्लेलं रात्री जसंच्या तसं बाहेर पडायचं. हळूहळू भाकर सुटली, मग वरण-भात सुटला, शेवटी चहासुद्धा पोटात ठरेना.

मामी त्यांना जवळच्या गावातल्या एका दवाखान्यात घेऊन जायच्या. तिथे आठ दिवस रोज दोन-तीन बाटल्या लावल्या. मी फोन केला की मामी म्हणायच्या, "काही काळजी नको करू बापू, सलाईन चालू हाये." मी पण निश्चिंत. आठव्या दिवशी मामांना उठून बसवेना. तेव्हा त्यांना गाडीत घालून आम्ही अकोल्याला एका मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथे दुर्बिणीतून तपासणी झाली. जुन्या अल्सरमुळे जठराचं खालचं तोंड, म्हणजे जिथून अन्न आतड्यात उतरतं ती जागा, आकसून बंद झाली होती. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. उपाय एकच, ऑपरेशन. बंद पडलेल्या जागेला वळसा घालून जठराला लहान आतड्याची नवी वाट जोडायची. आपल्या भाषेत बायपास पाइपलाइन.

आम्हाला वाटलं, उद्या-परवा ऑपरेशन होईल. पण सर्जन मॅडम म्हणाल्या, "बारा-चौदा दिवस थांबावं लागेल."

मामी रडायला लागल्या. "माणूस वाळून चालला, अन् ह्या थांबा म्हणतात!" मोठे मामा तर चिडूनच बोलले, "बिल वाढवाचे धंदे हायेत हे." मीसुद्धा पुढे होऊन विचारलं, "मॅडम, बिघाड कुठे आहे ते कळलंय. मग दुरुस्ती का नाही करत?" त्यांनी विचारलं, "काय शिकतोस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कागद-पेन घे आणि हिशोब कर."

पहिला हिशोब : वजन

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "आधी वजन किती होतं?" आपल्याकडे हे कोणाला माहीत असतं? पण नशिबाने मामांना आठवलं. दिवाळीत कापूस विकायला गेले तेव्हा गंमत म्हणून मोठ्या काट्यावर उभे राहिले होते. ५६ किलो. रुग्णालयात भरलं ४३ किलो. म्हणजे १३ किलो कमी, पाच महिन्यांत २३ टक्के घट. उंची १६५ सेंटिमीटर, त्यावरून बॉडी मास इंडेक्स १५.८. साडेअठराच्या खाली गेला की माणूस कमी वजनाचा समजतात. सोळाच्या खाली म्हणजे धोक्याची पातळी.

मग त्यांनी मला १९३६ सालची एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत हायराम स्टडली नावाच्या सर्जनने जुन्या अल्सरसाठी ऑपरेशन झालेल्या रुग्णांची नोंद तपासली. ज्यांचं वजन ऑपरेशनआधी २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले सुमारे ३३ टक्के दगावले. ज्यांची घट त्याहून कमी होती, त्यांच्यातले फक्त साडेतीन टक्के. आजार तोच होता, फरक होता तो फक्त वजनाचा. आज भूल, अँटिबायोटिक, आयसीयू सगळं सुधारलं आहे, त्यामुळे ते आकडे आज तसेच लागू होत नाहीत. पण कल तोच राहिला आहे. मामांचा आजारही तोच होता आणि घट २३ टक्के. मी गप्प बसलो.

असं का होतं? ऑपरेशन म्हणजे शरीरावर केलेली जखमच. ती भरायला नवे तंतू विणावे लागतात, त्याला प्रोटीन लागतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार करायला प्रोटीन लागतं. श्वासाचे स्नायूही प्रोटीनचेच. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडून घर चालवत असतं. अशा वेळी आतडं शिवलं तर टाका सुटण्याची भीती, खोकण्याइतकी ताकद नसल्याने न्यूमोनियाची भीती, जखम चिघळण्याची भीती. सिमेंट-सळई नसताना वरचा मजला चढवण्यासारखं ते आहे.

दुसरा हिशोब : बाटलीत असतं तरी काय?

मी म्हटलं, "पण मॅडम, आठ दिवस सलाईन चालू होतं ना!" त्यांनी स्टँडवरची रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "लेबल वाच."

मित्रांनो, आपण आयुष्यात किती बाटल्या बघतो, पण लेबल वाचत नाही. नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मीठ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. कॅलरी शून्य. दुसरी असते ती ग्लुकोजची, ५ टक्के डेक्स्ट्रोज. अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम. या डेक्स्ट्रोजच्या एका ग्रॅमपासून ३.४ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे पूर्ण बाटलीत ८५. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला कॅलरी म्हणतो, ती हीच.

आता तुलना करा. एका मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी असतात. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची छोटी भाकर सुमारे १७० ची. म्हणजे ग्लुकोजची एक बाटली अर्ध्या भाकरीची, त्यातही प्रोटीन शून्य. मामांना रोज तिन्ही बाटल्या ग्लुकोजच्याच लावल्या असत्या, तरी २५५ कॅलरी झाल्या असत्या. गरज होती जवळपास १३०० ची. म्हणजे आम्ही "सलाईन चालू आहे" म्हणून निर्धास्त असताना मामा बाटलीखाली झोपून उपाशीच होते.

यावरून सलाईन वाईट असं कोणी समजू नये. उलटीतून मामांच्या अंगातलं पाणी, मीठ, आम्ल आणि पोटॅशियम गेलं होतं. अकोल्यातही पहिले दोन दिवस सलाईन आणि पोटॅशियमच दिलं, आणि तेच बरोबर होतं. १८३२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत थॉमस लॅट्टा या डॉक्टरने मिठाचं पाणी शिरेतून देऊन मरणाच्या दारातली माणसं उठवली होती. सलाईन पाण्याची तूट भरतं. जेवणाची तूट भरणं त्याचं कामच नाही.

शिरेतून जेवण

मग जेवण कसं द्यायचं? पहिला नियम असा की आतडं चालू असेल तर आतड्यातूनच द्या. तोंडाने जमलं तर उत्तम, नाही तर नाकातून नळी. डॉक्टरांनी दुर्बिणीच्या मदतीने मामांच्या आकसलेल्या जागेपलीकडे बारीक नळी सरकवायचा प्रयत्न केला. ती गेलीच नाही. नुसत्या नळीसाठी पोट उघडणं त्या अवस्थेत त्यांना योग्य वाटलं नाही. तेव्हा उरला तिसरा मार्ग. सगळं पोषण थेट रक्तात. याला टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन म्हणतात, रुग्णालयात सगळे टीपीएन म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन आपल्याच बिरादरीतला, वास्तुरचनाकार. त्याने सतराव्या शतकात पिसाची दांडी आणि मूत्राशयाची पिशवी वापरून कुत्र्याच्या शिरेत दारू सोडून पाहिली होती. पण खरं यश यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डड्रिक नावाचा तरुण सर्जन जोनाथन ऱ्होड्स या आपल्या गुरूंच्या हाताखाली काम करत होता. त्याने बीगल जातीची पिल्लं महिनोन्‌महिने फक्त शिरेतल्या पोषणावर वाढवून दाखवली. १९६७ मध्ये आतड्याचा बराच भाग जन्मतःच नीट नसलेल्या एका बाळाला असं पोषण दिलं, आणि ते बाळ वाढलं. १९६८ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड यांचं दुधासारखं पांढरं मिश्रण तयार केलं. ते शिरेतून सुरक्षितपणे देता येऊ लागलं. आपल्या जिल्ह्यात शिवारं भरून सोयाबीन असतं. त्याचंच तेल एक दिवस मामांच्या रक्तात थेंब-थेंब जाईल असं कोणाला वाटलं असेल?

तिसरा हिशोब : मामांची पिशवी

मॅडमनी दिलेले नियम घेऊन मी आकडेमोड केली. ती अशी.

ऊर्जा : दर किलोला ३० प्रमाणे, ४३ × ३० = १२९० किलोकॅलरी.

प्रोटीन : दर किलोला दीड ग्रॅम, म्हणजे सुमारे ६५ ग्रॅम. १० टक्के अमिनो आम्लाचं द्रावण ६५० मिलि. ऊर्जा २६०.

स्निग्ध : २० टक्के मिश्रण २०० मिलि. ऊर्जा ४००.

उरले ६३०. त्याला ३.४ ने भागलं की १८५ ग्रॅम डेक्स्ट्रोज.

हे १८५ ग्रॅम चोवीस तासांत दिले तर दर किलोला दर मिनिटाला सुमारे ३ मिलिग्रॅम पडतात. शरीर साधारण ४ ते ५ पर्यंतच नीट जाळू शकतं, त्यावर दिलं तर साखर वाढते आणि यकृतात चरबी साठते. म्हणजे आपण मर्यादेत आहोत.

आता प्रश्न पाण्याचा. हीच १२९० ऊर्जा ५ टक्क्यांच्या ग्लुकोजमधून द्यायची म्हटली तर साडेसात लिटरहून जास्त पाणी रक्तात ओतावं लागेल. माणूस बुडेल. म्हणून डेक्स्ट्रोज २५ टक्क्यांचं घ्यायचं, ते ७४० मिलि. एकूण बेरीज सुमारे १६०० मिलि, शिवाय क्षार आणि जीवनसत्त्वं. हे बसतं.

पण घट्ट द्रावणाची दुसरी अडचण येते. रक्ताची ऑस्मोलॅरिटी २९० च्या आसपास असते. या मिश्रणाची हजाराच्या पुढे जाते. हाताच्या बारीक शिरेत सुमारे ९०० पेक्षा घट्ट द्रावण सोडलं की शिरेचं अस्तर भाजतं, हात सुजतो. म्हणून मानेजवळच्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेतून नळी सरकवून तिचं टोक हृदयाजवळच्या महाशिरेत ठेवतात. तिथे रक्ताचा प्रवाह इतका जोरदार असतो की द्रावण पडताक्षणी पातळ होतं. नाल्यात रंग ओतला तर नाला रंगतो, पूर्णेच्या पुरात ओतला तर दिसतही नाही, तसंच.

घाई का करायची नाही?

हिशोब झाला, तेव्हा मला वाटलं, लावा आता १२९०. मॅडमनी पहिल्या दिवशी दिले फक्त ४३०. मी परत गोंधळलो.

बराच काळ उपाशी असलेल्या शरीराने आपला कारभार चरबीवर नेलेला असतो. पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम संपत आलेलं असतं, पण रक्ताच्या तपासणीत ते ठीक दिसू शकतं. अशा माणसाला एकदम ग्लुकोज दिलं की इन्सुलिन उसळतं आणि हे क्षार रक्तातून भराभर पेशीत ओढले जातात. रक्तातलं फॉस्फेट कोसळतं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असेल तर मेंदूला इजा होते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून आणि तुरुंगांतून सुटलेल्या काही लोकांना पोटभर खायला मिळाल्यावर मरण आलं, त्यामागे हेच होतं. थंड पडलेला बॉयलर एकदम पूर्ण आचेवर घेतला तर काय होतं ते आपल्याला थर्मलच्या सरांनी सांगितलंच आहे.

म्हणून आधी बी-१ चं इंजेक्शन, मग थोडी ऊर्जा, रोज रक्ततपासणी, आणि मग हळूहळू वाढ. तिसऱ्या दिवशी मामांचं फॉस्फेट खरंच खाली आलं. मॅडमनी वाढ एक दिवस रोखली, फॉस्फेट दिलं, आणि मगच पुढे गेल्या. सहाव्या दिवशी पूर्ण १२९० वर पोचलो.

त्या दिवसांत मी नर्सताईंचं काम पाहिलं. ती नळी म्हणजे थेट हृदयाच्या दारात उघडलेली वाट. साखर आणि चरबी जंतूंनाही आवडते. दर वेळी हात धुणं, जोड निर्जंतुक करणं, त्या वाटेने दुसरं काहीही न देणं. एकदा मी कौतुकाने पिशवीला हात लावायला गेलो तर अशी रागावल्या की आपल्या वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर बरे!

पण हे अमृत नाही

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, मग प्रत्येकाला ऑपरेशनआधी हे द्या. तसं नाही, आणि हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये ३९५ कुपोषित रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मोठ्या ऑपरेशनआधी ७ ते १५ दिवस टीपीएन दिलं, निम्म्यांना नाही. एकूण गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच निघाली. उलट टीपीएन दिलेल्यांत जंतुसंसर्ग जास्त, १४ टक्के विरुद्ध ६ टक्के. मात्र जे अतिशय कुपोषित होते त्यांच्यात चित्र वेगळं होतं. जंतुसंसर्ग सोडून इतर गंभीर गुंतागुंत टीपीएन दिलेल्यांत ५ टक्के, न दिलेल्यांत ४३ टक्के.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याचं आतडं चालतं, त्याला तोंडाने किंवा नळीने द्या. ज्याची घट थोडी आहे, त्याला शिरेतून दिल्याने फायदा नाही, तोटाच आहे. जो खूप खंगला आहे आणि ज्याचं आतडं वापरताच येत नाही, त्याच्यासाठी मात्र ऑपरेशन एक-दोन आठवडे पुढे ढकलून हे करणं योग्य ठरतं. मामा या तिसऱ्या गटातले होते.

दहा दिवसांनी वजन केलं. ४४ किलो. मोठे मामा म्हणाले, "एवढा खर्च करून एकच किलो?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "वजन वाढवायचं नव्हतंच. मोडतोड थांबवून जोडणी सुरू करायची होती." मग त्यांनी मामांना आपला हात दाबायला सांगितला. दहा दिवसांपूर्वी ज्यांना पेला धरवत नव्हता, त्या मामांनी असा दाबला की मॅडम हसल्या. "उद्या सकाळी पहिला नंबर यांचा."

ऑपरेशन नीट झालं. त्याच वेळी आतड्यात एक बारीक नळी ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्यातून थेंब-थेंब आहार सुरू झाला आणि शिरेतला कमी होत गेला. सहाव्या दिवशी मामांनी तोंडाने मुगाच्या वरणाचं पाणी घेतलं. मामी वाटी हातात धरून बघत राहिल्या, कधी परत येतं म्हणून. ते परत आलं नाही. त्या वाटीकडे बघून मोठे मामा बाहेर व्हरांड्यात निघून गेले. डोळे पुसायला गेले होते, हे मला नंतर कळलं.

आज मामांचं वजन ५२ किलो आहे. बिडी सुटली, दुखीच्या गोळ्या सुटल्या. अल्सरच्या जंतूंवरचा गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला.

आपण काय करू शकतो?

२०२४ मध्ये आपल्या बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पहिली पायरी घरातच आहे. चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, आईवडिलांचं आणि आजी-आजोबांचं वजन वर्षातून दोनदा करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मामा काट्यावर सहज उभे राहिले नसते तर तो २३ टक्क्यांचा आकडा निघालाच नसता.

दोन, प्रयत्न न करता सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर "काम जास्त हाये म्हणून वाळला" असं म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या डॉक्टरांना दाखवा.

तीन, ऑपरेशन ठरलं असेल तर विचारा, "पेशंट किती दिवस जेवला नाही? त्याच्या पोषणाचं काय?" हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

चार, सलाईन लावलं म्हणजे जेवण झालं असं समजू नका. बाटली हातात घ्या, लेबल वाचा, गुणाकार करा. तेवढं गणित तर आपल्याला येतंच.

आणि होस्टेलच्या मित्रांनो, परीक्षेच्या दिवसांत चक्कर आली आणि गिळता येत असेल, तर सुई टोचून घेण्याऐवजी मेसमध्ये जाऊन दोन भाकरी आणि वाटीभर वरण खा. वरणाचं पातळपण काढू नका, ते तेवढंच असतं. तरीसुद्धा बाटलीपेक्षा ते कितीतरी भारी आहे. हे मी हिशोब करून सांगतोय.